दगडावरचं विसावं नाव

ज्या गावाने देशाला जवान दिले, त्या गावाची मान काळापुढे कधीही झुकत नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या गावच्या स्मारक समितीच्या निमंत्रणपत्रिकेवर ते सोनेरी अक्षरांत छापलं होतं आणि खाली अध्यक्षांचा टोपीतला फोटो होता. तीस वर्षं मी या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. छापील वाक्य दिसलं की ते खरं आहे का हे तपासून बघायची वाईट खोड मला त्यातून लागली. गावाने जवान दिले म्हणजे नेमकं काय केलं? पोरगा दहावीला गणितात गेला, मुंबईच्या मामाने सध्या खोलीत जागा नाही असं कळवलं, भरती असल्याचं कुणीतरी सांगितलं, आणि पोरगा सकाळच्या एस.टी.ने गेला. यात गावाचा वाटा एवढाच, की एस.टी.चा थांबा गावाच्या हद्दीत होता.

असे एकोणीस जण निघाले. त्यांची नावं काळ्या ग्रॅनाइटवर कोरून तो दगड देवळाच्या आवारात, वाचनालयाच्या बरोबर समोर उभा करायचा असं समितीने ठरवलं. आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे, खाडी आणि शेतं यांच्या मध्ये. इथे काहीही उभं करायचं झालं की ते देवळाच्या आवारातच उभं राहतं, कारण तेवढ्याच जागेवर कोर्टात दावा चालू नाही.

समितीचे अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले. जाताना त्यांना कॅप्टन ही मानाची पदवी मिळाली आणि तेव्हापासून गावात त्यांना दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारायची सोय राहिली नाही. त्यांनी नोकरी चोख केली असणार, त्याबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार निवृत्तीनंतरच्या कामगिरीबद्दल आहे. त्यांचं पर्यटकांसाठी होमस्टे आहे आणि अंगणात सिमेंटची तोफ आहे. तोफेचं तोंड समुद्राकडे नाही, रस्त्याकडे आहे. शत्रू समुद्रातून येतो, गिऱ्हाईक रस्त्याने.

वाचनालयात रोज सकाळी नऊला एक गृहस्थ येतात. वय पंचाहत्तरच्या आसपास, पाठ सरळ, दाढी रोजची. वर्तमानपत्र वाचून झालं की ते अशा घडीत परत ठेवतात, की ते अजून कुणी उघडलंच नाही असं वाटावं. नऊ वर्षं फौजेत काढल्यानंतर त्यांना बडतर्फ करून घरी पाठवलं गेलं, त्याला आता पंचेचाळीस वर्षं तरी झाली. तेव्हापासून गाव त्यांना 'मिलिटरी' म्हणतं. दुकानात, देवळात, तिठ्यावर, सगळीकडे "ओ मिलिटरी, खंय चललात?" असं चालतं. म्हणजे हाक मारताना गावाला ते फौजेतले चालतात. दगडावर मात्र एकोणीसच नावं होती आणि त्यांत यांचं नव्हतं.

निमंत्रणपत्रिका आली त्या दिवशी त्यांनी तीतली एकोणीस नावांची यादी दोनदा वाचली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ते कधी बसून बोलत नाहीत.

"बाई, एक अर्ज लिवन देशात?"

"कसला?"

"माझा नाव त्या दगडार घाला म्हणान."

तोपर्यंत त्यांच्या प्रकरणाबद्दल मी गावकऱ्यांकडूनच ऐकलं होतं. म्हणजे 'पळून आला' इतकंच ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः सांगितलं आणि ते चार वाक्यांत संपलं. डोंगरातल्या चौकीवर पहारा होता. सोबतचा शिपाई तापाने फणफणला. वरच्या साहेबाने तोंडी सांगितलं, याला खाली घेऊन जा. त्यांनी पाठीवर घेऊन नेलं. परत आले तर पहारा सोडला म्हणून खटला तयार होता, आणि साहेब म्हणाले, मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

"माका पेन्शन नको, काय नको," ते म्हणाले. "मी फौजेत हुतंय ह्या सगळ्यांका ठावक आसा. मी पळान येवक नाय, ह्या कोणाक ठावक नाय. दगडार नाव इला की ता झाला."

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला असं मला वाटतं. तो घेऊन आम्ही दोघं समितीच्या सभेला गेलो. सभा देवळाच्या मंडपात होती. कॅप्टन खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर.

कॅप्टनांनी अर्ज वाचला नाही, फक्त त्याची जाडी बघितली. सभेत ते शुद्ध मराठीत बोलतात. "बाई, हा डिसिप्लिनचा प्रश्न आहे. ज्यांची सेवा सन्मानाने पूर्ण झाली, त्यांचीच नावं येणार."

"दगड फौजेचा आहे की गावाचा?" मी विचारलं.

"दगड गावाचा. शिस्त फौजेची."

समितीत मासळीचे एक व्यापारी आहेत. त्यांना वाटलं आपणही काही बोलावं. "ओ मिलिटरी, तुमचा घातला तर उद्या कोणय उठान येतलो. माझो आजोय बोटीर हुतो. तेचाय नाव घालुया मग."

"तुझो आजो बोटीर भांडी घाशी," मिलिटरी शांतपणे म्हणाले. "तरी घाल. भांडी सोडून पळूक नाय तो."

सतरंजी हसली. कॅप्टन हसले नाहीत. अर्ज फेटाळला गेला. लगेच, जणू पुढचा विषय कार्यक्रमपत्रिकेवरच होता तसे, ते माझ्याकडे वळले. "बाई, अनावरणाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी एक पिक्चर ठेवू. लढाईचा. वाचनालयाचा प्रोजेक्टर धूळ खात पडलाय."

"कुठला दाखवू?"

"तुम्ही वाचलेल्या आहात. तुम्हीच ठरवा."

हे वाक्य पाच माणसांसमोर बोललं गेलं. मी ते लिहून घेतलं नाही. तीस वर्षं पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या बाईकडून ही चूक झाली, आणि तिची किंमत पुढे मोजावी लागली.

मी जो चित्रपट निवडला, त्याचं नाव इथे देत नाही. समितीच्या ठरावात त्याची नोंद 'सदर आक्षेपार्ह इंग्रजी चित्रपट' अशी झाली आहे आणि ठरावाचा मान राखलेला बरा. तो परदेशी आहे, कृष्णधवल आहे, आणि जगभर जाणकार लोक त्याला युद्धपटांमध्ये वरचं स्थान देतात. मी तो मुंबईत शिकत असताना पाहिला होता. निवडताना माझा हेतू निर्मळ होता असं मी म्हणणार नाही. अर्ज फेटाळला गेला त्याच सभेतून उठताना मी तो ठरवून टाकला होता.

गोष्ट सोपी आहे. एका सेनापतीला बढती हवी असते. त्यासाठी नदीपलीकडचं ठाणं सूर्यास्ताच्या आत जिंकायचं असतं. पलटणीला सांगतात, होड्या येतील, तुम्ही उतरा. होड्या येत नाहीत. माणसं गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहतात, वरून गोळ्या येतात, जी उरतात ती परत फिरतात. आता सेनापतीला वर काहीतरी कळवायचं असतं. तो कळवतो, की पलटण भित्री निघाली. मग प्रत्येक तुकडीतून एक याप्रमाणे तिघे निवडतात आणि त्यांच्यावर भ्याडपणाचा खटला भरतात. खटला एका शाळेच्या वर्गात चालतो. फळ्यावर पोरांची बेरीज तशीच आहे. वकील म्हणून जो अधिकारी उभा राहतो तो खरं बोलतो, आणि न्यायाधीश मधूनमधून घड्याळ बघतात, कारण जेवण वाढलेलं असतं.

वाचनालयाच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. खाली अक्षरं येतात ती इंग्रजीत, त्यामुळे प्रत्येक प्रसंग मी उभी राहून मराठीत सांगत होते. पहिल्या रांगेत कॅप्टन टोपी घालून बसले होते. त्यांच्या शेजारी गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्या घराकडे आहे, त्या घरातले म्हातारे. मिलिटरी शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

वीस मिनिटांनी पाण्याचा प्रसंग आला आणि आमच्या लोकांना विषय सापडला.

"होडये खंय?" किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा एक रापणकर मागून ओरडला.

"येणार नाहीत," मी सांगितलं.

"मगे पोरांका उतरवल्यानी कशाक? ओहोटी बगूक नाय कोणी?"

"साहेबांना वरची जागा हवी आहे."

"म्हणजे आमच्या समितीसारख्याच," कुणीतरी अंधारातून म्हणालं. टोपी मागे वळली, पण अंधारात माणूस ओळखता येईना.

सेनापतीच्या जेवणाचं दृश्य लांबलचक आहे. तो कोंबडीची तंगडी धरून निकालावर सही करतो. मासळीबाजारात बसणारी एक बाय न राहवून म्हणाली, "शिरा पडो तेच्या तोंडार! जेवता बग कसो. हात तरी धू रे मेल्या, कागद तेलकट झालो!"

"ह्यो आपलोच सायब ना गो?" शेजारणीने विचारलं. "मगे आपल्याच माणसांका कित्याक मारता?"



शेवटी तिघांना गोळ्या घालायच्या असतात. त्याआधी त्यांच्या गणवेशाची तपासणी होते. त्यातल्या सगळ्यात बुटक्या शिपायाच्या कोटाचं एक बटण तुटलेलं असतं. हवालदार त्याला झापतो, नोंद करतो, शिक्षा म्हणून दोन दिवसांचा पगार कापतो. मग त्याला खांबापाशी नेतात. पहिल्या रांगेतून कॅप्टन स्वतःशीच म्हणाले, "बरोबर आहे. बटण पाहिजेच."

त्यांना आपण मोठ्याने बोललो हे कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं.

दिवे लागले तेव्हा नेहमीसारखं कुणी खुर्च्यांवरून उठून दाराकडे धावलं नाही. गाऱ्हाण्याचे म्हातारे काठी टेकून माझ्याजवळ आले. वय नव्वदीकडे झुकलेलं, ऐकायला कमी येतं, त्यामुळे ते ओरडून बोलतात.

"बाये, त्या बुटक्याक सोडल्यानी काय नाय?"

"नाही आजोबा."

"कोणी देवाक इचारूक नाय?"

"त्यांच्यात नसतं तसं."

"नसता म्हणजे काय? माणसांनी निकाल दिलो, जेवक गेली, झाला? देवाक कोणी घातल्यानच नाय मदी?" त्यांना हे सगळ्यात भयंकर वाटलं. गोळ्या घातल्या त्यापेक्षाही. काठी आपटत ते गेले.

खुर्च्या गोळा करायला मिलिटरी थांबले होते. दहा-दहाच्या चळती करून भिंतीला सरळ लावत होते. मी प्रोजेक्टर बंद केला. ते म्हणाले, "बाई, ता जेवणाचा बरोबर दाखवल्यानी."

"काय?"

"माका इचारल्यानी, तुका काय सांगूचा आसा काय? मी म्हटलंय, सायबांका इचारा. सायबांका बोलवल्यानी. सायब म्हणाले, आठवत नाय. मी म्हटलंय, तो तापवालो शिपाई आसा, तेका इचारा. तेवड्यात भायर थाळ्यांचो आवाज इलो. जेवणाचो टायम झालो हुतो." त्यांनी शेवटची खुर्ची चळतीवर ठेवली. "तेका कोणी इचारूक नाय मगे."

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची तातडीची सभा झाली. तिला मला बोलावलं ते चहाला नव्हे. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्रीपासून माझ्याबद्दल बरंच काही लिहिलं गेलं होतं. 'देशद्रोही' हा शब्द तिघांनी वापरला, त्यातल्या दोघांनी गेल्या तीस वर्षांत वाचनालयाचं एकही पुस्तक परत केलेलं नाही.

"हा पिक्चर दाखवायला तुम्हाला कुणी सांगितलं?" कॅप्टनांनी सुरुवात केली.

"तुम्ही."

"मी देशभक्तीचा म्हणालो होतो."

"तुम्ही लढाईचा म्हणालात. आणि म्हणालात, तुम्हीच ठरवा."

"मला आठवत नाही."

मी सतरंजीकडे बघितलं. त्या सभेला हजर असलेले पाचही जण तिथेच होते. मासळीचे व्यापारी मोबाइल बघत होते. एकजण छताकडे बघत होता, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"लेखी आहे काही?" कॅप्टन म्हणाले.

"नाही."

"मग विषय संपला. वाचनालयाची खोली देवस्थानची आहे हे तुम्हाला माहीत आहे. मार्चनंतर करार बघू." मग त्यांचा आवाज चढला आणि शुद्ध मराठी सुटली. राग आला की ते मालवणीत येतात, आणि तेव्हाच ते मला थोडे माणसासारखे वाटतात. "बाई, मी अठ्ठावीस वर्सां फौजेत काडलंय! माझ्या पोरांसमोर, पावण्यांसमोर, आमचे सायब असे दाखवतात? लाज नाय वाटणा?"

"तो तुमचा साहेब नव्हता. परदेशातला होता."

"सायब सगळे सारकेच!" ते ओरडले, आणि मग आपण काय बोललो याचा त्यांना जरा विचार पडला. सभा तिथेच आटोपली. ठराव मात्र झाला. त्यात मला ताकीद होती, आणि यापुढे प्रोजेक्टरची किल्ली अध्यक्षांकडे राहील असंही होतं. प्रोजेक्टरला किल्ली नसते. हे मी सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं आणि मंडळी देवळाच्या आवारात जमली. दगडावर भगवा पडदा होता. प्रमुख पाहुणे येणार होते, पण त्यांचा ड्रायव्हर कणकवलीला वळण्याऐवजी तळेऱ्यालाच वळला आणि विजयदुर्गाला जाऊन पोचला. तिथून त्यांनी शुभेच्छा कळवल्या. नाइलाजाने अनावरण कॅप्टनांनाच करावं लागलं. नाइलाजाने त्यांच्या खिशात भाषणाचे तीन कागदही निघाले.

पण आमच्याकडे आधी गाऱ्हाणं. विहीर खणायची असो, लग्न असो, नाटकाचा पडदा उघडायचा असो, गावाच्या वतीने एकाने देवाला सगळं सांगायचं, मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागणीला जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे आम्ही रांगायला लागल्यापासून म्हणतो. शब्द घशातून निघतात, त्यांचा डोक्याशी संबंध राहिलेला नाही. पुढच्याचा सूर शेवटाला वर गेला की आमचं 'व्हय म्हाराजा' आपोआप बाहेर पडतं. आणि त्या होकारातून सुटका नाही. देवापुढे गावाने व्हय म्हटलं की ते फिरवायला पुन्हा देवाकडेच जावं लागतं. आणि आम्ही लक्ष न देता व्हय म्हटलं असं देवाला जाऊन सांगायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

म्हातारे पुढे झाले. हातात नारळ आणि विड्याची पानं. त्यांचा आवाज अजून आवार भरून उरतो.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या पायाकडे ह्यो जो दगड उभो केलेलो आसा, तेची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दगडार ज्येंची ज्येंची नावां इली आसत, तेंका आणि तेंच्या पोराबाळांका सुकी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कॅप्टनांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. कवायतीच्या मैदानावर कमावलेला घसा, तो काही लपत नाही. हात बाजूला, छाती पुढे, नजर दगडावर. बहुधा मनात भाषणाची उजळणी चालू होती.

"कोणाची काय इडापिडा आसात, काय चुकला माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या गावचो जो मिलिटरी आसा, जेचा नाव ह्या दगडार येवक नाय, तेचा नाव म्हयन्याच्या आत ह्याच दगडार घालतलंव, असो शब्द तुझी ही सगळी लेकरां बारा-पाच मानकऱ्यांच्या साक्षीन तुका देतत, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दोनशे माणसं एका सुरात म्हणाली. कॅप्टन सगळ्यांत मोठ्याने.

मासळीच्या व्यापाऱ्यांचं तोंड अजून उघडंच होतं. एकेकाच्या चेहऱ्यावर वाक्य उशिरा पोचताना दिसत होतं. म्हाताऱ्यांनी मात्र कशाचीच वाट न बघता नारळ वाढवला.

"आजोबा, हे ठरलं नव्हतं," कॅप्टन पुढे येत म्हणाले.

"काय?"

"हे ठरलं नव्हतं!"

"गाराणा माझ्या घराण्याचा. तुज्या समितीक इचारून घालूक नाय कोणी." म्हातारे ओरडूनच बोलत होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जात होतं. "तू व्हय म्हटलंस ना आता?"

"मी सवयीने म्हटलं!"

"पिक्चरातलो सायबय सवयीनच मारी हुतो."

बायका हसल्या, मग पुरुष. कॅप्टनांनी पडदा ओढला, एकोणीस नावं उघडी पडली, आणि भाषण त्यांनी पहिल्या कागदावरच संपवलं. मी मिलिटरींना शोधलं. ते आवाराच्या फाटकाशी उभे होते, पाठ सरळ. आपल्याबद्दल काही झालं आहे याचा त्यांच्या चेहऱ्यावर काही पत्ता नव्हता. फक्त दोन्ही हात सावधान उभं राहावं तसे मांडीला चिकटले होते.

पुढचे तीन आठवडे समितीने तो शब्द टाळायचा बराच विचार केला असणार. पण महिना भरत आला तसं मासळीच्या व्यापाऱ्यांच्या नौकेचं इंजिन बंद पडलं आणि कॅप्टनांच्या गोठ्यातली म्हैस आटली. या दोन्हींची कारणं मेकॅनिकला आणि ढोरांच्या डॉक्टरला माहीत होती. गावाला दुसरंच कारण माहीत होतं. कणकवलीहून पाथरवट बोलावला गेला. मशीन घेऊन तो आला, काम कॅप्टनांनी स्वतः उभं राहून करून घेतलं, आणि दुपारी वाचनालयाच्या दारातून मी बघितलं तर नाव कोरून झालं होतं.

मी रस्ता ओलांडून गेले. एकोणीस नावांभोवती वेलबुट्टीची चौकट आहे आणि चौकट भरलेली आहे. तिच्या खाली, दगडाच्या तळाशी, 'सौजन्य' असं लिहून तीन देणगीदारांची नावं आहेत. पहिलं कॅप्टनांच्या होमस्टेचं. चौथं नाव, त्याच आकाराच्या अक्षरांत, मिलिटरींचं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वर जागा नव्हती," कॅप्टन म्हणाले. "चौकट तोडता येत नाही, ग्रॅनाइट फुटतो. पाथरवटाला विचारा."

पाथरवटाने मान डोलावली. त्याला बस पकडायची होती.

"त्यांनी देणगी दिलेली नाही. त्यांनी नऊ वर्षं नोकरी केली."

"देवाला दिलेला शब्द दगडावर नाव घालायचा होता. नाव दगडावर आहे. ऑर्डर पाळली गेली आहे." आणि मग, पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता, मालवणीत, "बाई, माका जितक्या करूचा हुता तितक्या मी केलंय."

मी भांडायचं ठरवलं होतं. ग्रामपंचायतीला, तहसीलदाराला, वर्तमानपत्राला, सगळ्यांना लिहायची माझी तयारी होती. मजकूर डोक्यात तयारही झाला होता. तेवढ्यात मिलिटरी आले. नेहमी सकाळी नऊला येणारा माणूस दुपारी तीनला आला म्हणजे कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. त्यांनी चष्मा लावला, गुडघ्यावर हात टेकून वाकले, कारण नाव जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर आहे, आणि वाचलं. दोनदा वाचलं. मग बोटाने अक्षरांतली पांढरी भुकटी काढली.

"हे बरोबर नाही झालं," मी म्हणाले. "आपण अर्ज करू."

"वाचूक येता ना?"

"येतं. पण कुठे आहे ते बघा."

"बगलंय." ते सरळ झाले. "वर सुबेदार आसत, हवालदार आसत, नाईक आसत. खाली मी एकटोच शिपाई. वर घातल्यानी आसता तरी सगळ्यांत खालीच आसतंय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, समजूत घातल्यासारखं, "ऱ्हवांदे बाई. अर्ज नको. अर्जाक परत कोणतरी जेवणाच्या टायमाक वाचतलो."

दुसऱ्या दिवशी ते नऊला आले, वर्तमानपत्र वाचलं, घडी घालून ठेवलं. मी अर्ज केला नाही. अजून कधी कधी तो मजकूर मनात येतो आणि अजून तो चांगला वाटतो.

एक मे रोजी समितीने स्मारकासाठी साहाय्य करणाऱ्या देणगीदारांचा सत्कार ठेवला. निमंत्रणपत्रिका समितीच्या नव्या चिटणीसाने तयार केली. तो मुंबईहून नुकताच गावी आलेला, त्याला मागचं काही माहीत नव्हतं, म्हणून त्याने नावं सरळ दगडावरून उतरवून घेतली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्यामुळे कॅप्टनांना काही करता आलं नाही. चौघांना ओळीने व्यासपीठावर बोलावण्यात आलं, कॅप्टनांनी प्रत्येकाच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. स्वतःचा सत्कार त्यांनी उपाध्यक्षांकडून करवून घेतला. मिलिटरींनी शाल घेतली, नारळ घेतला, सलाम केला आणि खाली उतरले.

नारळ घरी फोडला तो नासका निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तो घेऊन कॅप्टनांकडे गेले आणि बदलून आणला.